कुलरमधला लाल बोळा

१

सोमवारी सकाळी याव सार्पोंगच्या शेडसमोर एका गाडीचं प्रेत आणून टाकण्यात आलं.

सहा जणांनी ते ढकलत आणलं होतं. स्टिअरिंगमागे मालकीणबाई स्वतः बसून होत्या. मॅडम अचिआ मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका. माणसं गाडी ढकलत असताना आपण खाली उतरलो तर शिस्त बिघडते, असं त्यांचं मत असावं.

"मास्टर याव, हे काय आहे?"

"मॅडम, तुमची गाडी."

"गाडी चालते. हे उभं आहे. मी विचारतेय, हे काय आहे?"

याव सार्पोंग हा घानातल्या कुमासी शहराच्या सुआमे गॅरेजवस्तीतला गिअरबॉक्सचा मास्टर. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स तो इतक्या हळुवारपणे उघडायचा, की आतल्या चकत्यांची झोपमोड होऊ नये. मॅडमच्या गाडीचा गिअरबॉक्स त्यानं ईस्टरच्या आठवड्यात नवा करून दिला होता. तो अकराव्या दिवशी जळाला. सुटे भाग मिळायला जुलै उजाडला. मग त्यानं तो पुन्हा नवा केला, फुकटात. आज नववा दिवस होता.

गर्दी जमली. गर्दीमागून वस्तीच्या मंडळाचे अध्यक्ष नाना बाफो आले. नानांना घाई कधीच नसे, पण निकाल मात्र नेहमी तयार असे.

"शुक्रवारी बैठक," ते म्हणाले. "एकाच मास्टरच्या हातून एकच गिअरबॉक्स दोनदा मेला. तोवर कारण दाखव, याव. नाही दाखवलंस तर पाटी उलटी."

पाटी उलटी म्हणजे मास्टरच्या नावाची पाटी तोंड भिंतीकडे करून वर्षभर ठोकून ठेवायची. मग त्या शेडमध्ये कुणी सायकलसुद्धा आणत नाही. रस्त्याकडची जागा जाते, आणि यावच्या जागेवर शेजारच्या मास्टर ओदुरोचा डोळा गेली सहा वर्षं होता. यावची पाटी निळी होती. तिच्यावर लिहिलं होतं: 'सार्पोंग गिअरबॉक्स. येशूच्या कृपेने चारही गिअर.'

याव काही बोलला नाही. तो कधीच काही बोलत नसे. त्याच्या वाटणीचंही बोलून टाकणारी त्याची थोरली बहीण तेवढ्यात गर्दीला कोपरानं बाजूला सारत आली.

ही दुफी. ती वस्तीतलं वापरलेलं तेल विकत घ्यायची. रोज शेडाशेडांतून डबे गोळा करायचे, पिंपात ओतायचे आणि लाकूडगिरणीवाल्यांना विकायचे, हा तिचा तीस वर्षांचा धंदा. तोंडावर तिला सगळे आंटी म्हणत. पाठीमागे काय म्हणत ते छापण्यासारखं नाही. तिच्या कमरेला चिंध्यांचा जुडगा कायम खोचलेला असे. त्या चिंध्यांचा मूळ रंग कोणता, हे आता तिलाही सांगता आलं नसतं.

तिनं गाडीखाली डबा सरकवला, थोडं तेल काढलं, बोटावर घेतलं आणि हुंगलं.

"ताजं तेल कसं असतं, नाना?"

"लाल."

"डाळिंबाच्या दाण्यासारखं लाल. हे बघा. काळं आहे, आणि वास करपलेल्या केळ्याचा. पण लोखंडाचा चुरा आहे का यात? नाही. एप्रिलमध्येही नव्हता, ते तेल मीच नेलं होतं. आतला भाग तुटून मेला असता तर चुरा सापडला असता. हा तापानं मेलाय. दोन्ही वेळा तापानं. माझ्या भावाच्या हाताचा यात काही दोष नाही!"

"मग कुणाचा?" गर्दीतून ओदुरो म्हणाला.

दुफीनं त्याच्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की पेट्रोलचा डबा आपोआप पेटला असता. बोलता बोलता तिला यावच्या पिंपाची तोटी टपटपताना दिसली. तिनं कमरेची एक चिंधी ओढली, पिळा देऊन तोटीत कोंबली आणि हात पुसला.

"हा खून आहे," ती म्हणाली. "आणि खुनी याच वस्तीत रोज दुपारी पोटभर जेवतोय."

२

ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल तापतं. थंड व्हायला ते एका बारीक नळीतून गाडीच्या पुढच्या टोकाला जातं, तिथे रेडिएटरच्या खालच्या टाकीत दडवलेल्या एका छोट्या कुलरमधून फिरतं आणि दुसऱ्या नळीनं परत येतं. त्या वाटेत कुठे अडलं, की गिअरबॉक्स स्वतःच्याच तापात भाजून निघतो. हे वस्तीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. म्हणून दुफी आधी भावालाच भिडली.

"कुलर तपासलास?"

"ताई, कुलर रेडिएटरमध्ये असतो. मी गिअरबॉक्सचा माणूस."

"दोनदा जळाला, आणि दोनदा तू कुलर न बघता नवा गिअरबॉक्स त्यालाच जोडलास?"

"रेडिएटर उघडायचा मला अधिकार नाही. मंडळाच्या वहीत तसं आहे."

त्या वहीत तेवीस धंदे होते. गिअरबॉक्सवाला गिअरबॉक्सला, रेडिएटरवाला रेडिएटरला, वायरवाला वायरला. दुसऱ्याच्या कामाला हात लावला की दंड. वहीमुळे वस्तीत भांडणं होत नसत. गाड्या बंद पडत, पण भांडणं होत नसत.

दुफी रेडिएटरवाल्या हाजी इसाकाकडे गेली. हाजी उत्तरेकडचा, गोड बोलणारा, आणि कथलाचा डाग देण्याच्या कामात हात धरणारा कुणी नाही असा. तो चहा पीत होता.

"हाजी, कुलर कुणाचा?"

"बस आंटी, चहा घे."

"चहा घ्यायला मी आलेली नाही. कुलर कुणाचा?"

"हे बघ. टाकी माझी. टाकीतलं पाणी माझं. त्या पाण्यात बुडालेली तेलाची नळी गिअरबॉक्सवाल्याची."

"तो म्हणतो तुझी."

"तो सज्जन माणूस आहे. सज्जन माणसं चुकतात."

"एप्रिलमध्ये मॅडमचा रेडिएटर तुझ्याकडे होता. काय केलंस?"

"वरच्या टाकीला चीर होती, डाग दिला, काळा रंग मारला, परत पाठवला. माझ्याकडे येण्याआधी तो तीन दिवस यावच्या भिंतीला टेकून उभा होता. आला तेव्हा एकदम कोरडा होता हं. तेलाचा थेंबही गळत नव्हता. माझी फरशी खराब झाली नाही, म्हणून मी यावला दुवा दिला."

"तुझ्या फरशीला आग लागो!" असं म्हणून दुफी उठली. तीन दिवस उघड्यावर, आणि भिंतीपलीकडे ओदुरोची शेड. तिला हवं ते मिळालं होतं.

ओदुरो पाठमोरा बसून एक गिअरबॉक्स धूत होता.

"ईस्टरच्या आठवड्यात तू माझ्या भावाच्या भिंतीशी काय करत होतास?"

"माझ्या भिंतीशी बसलो होतो. तिची दुसरी बाजू तुझ्या भावाची आहे. मी काय करू?"

"तुला त्याची जागा हवी आहे."

"हवीच आहे," ओदुरो म्हणाला. "तुझा भाऊ चांगला मास्टर आहे, पण गिऱ्हाइकाशी बोलायचं म्हटलं की त्याची दातखीळ बसते. रस्त्याकडच्या जागेवर मुका बसवून काय उपयोग? पण जागा हवी म्हणून मी गाड्या मारत नाही, आंटी. जा, माझं पाणी गढूळ होतंय."

दारात मॅडम अचिआ उभ्या होत्या. त्या आता रोज येऊन जात, परीक्षेत पर्यवेक्षकानं फेरी मारावी तशा.

"काही निष्पन्न झालं?"

"होईल."

"माझ्या शाळेत चोरी झाली की मी सगळ्यांची दप्तरं उघडते, चोर कोण ते सांगणारीचंही. तुम्ही सगळी उघडलीत?"

हा प्रश्न दुफीला आगाऊ वाटला.

३

बुधवारी तिनं याव आणि इसाका दोघांनाही गाडीपाशी उभं केलं.

"नळी सोड."

याव म्हणाला, "ती रेडिएटरला जोडलेली आहे."

इसाका म्हणाला, "ती गिअरबॉक्सकडून आलेली आहे."

दुफीनं पाना उचलला आणि नळी स्वतःच सोडली. मंडळाचा नियम मोडल्याचा आवाज फारसा झाला नाही. कुलरमधून गिअरबॉक्सकडे परत जाणारी ती नळी तिनं डब्यात सोडली.

"इंजिन लाव. मी वीस मोजते."

गाडी जागची हलत नव्हती, पण इंजिन चालत होतं, आणि इंजिनाबरोबर तेलाचा पंप फिरतो. वीस मोजेपर्यंत डबा अर्धा तरी भरायला हवा होता. दुफी मोजत राहिली, डब्याकडे बघत राहिली. पंधराला एक थेंब पडला. अठराला दुसरा.

"बंद कर!" ती किंचाळली. "दोन थेंब! एवढ्यावर माझ्या कढईतलं केळंही तळून व्हायचं नाही! मास्टर आणि हाजी, तुम्ही दोघं मिळून तीन महिने हद्दीची चर्चा करत राहिलात!"

"आपण आजच बोलतोय याबद्दल," इसाका हळूच म्हणाला.

"गप्प बस!"

कॉम्प्रेसरची नळी तिनं स्वतः ओढत आणली. तेल ज्या दिशेनं जातं त्याच दिशेनं हवा मारली तर अडथळा आणखी आत घुसतो. म्हणून तिनं दुसरी नळीही सोडली, उलट बाजूनं, तेल बाहेर पडतं त्या तोंडातून हवा मारली आणि दुसऱ्या तोंडासमोर ताटली धरली.

आधी काही झालं नाही. मग कुलर घशात काही अडकल्यासारखा खोकला. ताटलीवर पचकन काहीतरी पडलं.

कापडाचा बोळा, अंगठ्याएवढा.

गाडीपासून नळ्या सोडल्या की उघड्या तोंडांतून तेल ठिबकतं, म्हणून वस्तीत सगळेच तिथे बोळा घालतात. पण बोळ्याला नेहमी वीतभर शेपूट बाहेर ठेवतात, जोडताना दिसावं म्हणून. या बोळ्याला शेपूट नव्हतं.

"शेपटाशिवाय बोळा घालतो," दुफी दात आवळून म्हणाली, "तो एक तर खुनी, नाही तर गाढव."

तिनं पिळा उलगडला. कापडावर शिड्या छापलेल्या होत्या. काळ्या शिड्या, विटकरी लाल कापडावर.

तिघंही ताटलीवर वाकले. शिडी म्हणजे मरणाची शिडी, सगळ्यांना चढावी लागणारी. मयताला घरचे लोक ते कापड छापून घेतात आणि सगळे तेच नेसतात. अवेळी गेलेल्या माणसासाठी काळ्यावर लाल किंवा लालवर काळं. या वर्षी वस्तीत लाल शिड्यांचं कापड एकाच घरानं काढलं होतं.

"ओदुरोचा भाचा," याव पुटपुटला.

ताटली तशीच हातात धरून दुफी भिंतीच्या पलीकडे निघालीसुद्धा होती.

४

तिथे जे झालं ते वस्तीनं पुढे बरेच दिवस चवीनं सांगितलं, त्यामुळे थोडक्यात पुरे. दुफीनं ताटली ओदुरोच्या नाकासमोर धरली. त्याला खुनी म्हटलं, चोर म्हटलं, आणि मेलेल्या पोराचं कापड फाडून गाडीत कोंबणारा म्हटलं. त्याची चहाची किटली लाथेनं उडवली. किटली इसाकाच्या दारापर्यंत गेली. इसाकानं ती उचलून ठेवली.

ओदुरो उठला. तो आडदांड माणूस होता. लोक दोन पावलं मागे सरले.

पण तो काही करेना. तो त्या लाल चिंधीकडे बघत होता.

"माझ्या बहिणीचा मुलगा," तो म्हणाला. "एकोणीस वर्षांचा. त्याच्या कापडाला हात लावायची मी बायकोलाही परवानगी दिलेली नाही." मग तो खाली बसला. "शुक्रवारी. जे काही बोलायचं ते नानांसमोर. शुक्रवारी, आंटी."

"शुक्रवारी तुझी पाटी उलटी होईल!"

"कुणाची तरी होईल," ओदुरो म्हणाला.

५

शुक्रवारी सगळी वस्ती जुन्या टायरांच्या ढिगाशेजारी जमली. नाना खुर्चीवर, वही मांडीवर. मॅडम अचिआ दुसऱ्या खुर्चीवर, पाठ ताठ. याव आपली निळी पाटी स्वतःच उतरवून घेऊन आला होता, म्हणजे कुणाला शिडी आणायला नको. मधोमध स्टुलावर ताटली आणि ताटलीत बोळा.

ओदुरो लाल शिड्यांचं कापड पांघरून आला.

"बघा," तो म्हणाला. "सगळ्यांनी जवळ येऊन बघा. मी लपवत नाही. माझा भाचा जूनच्या दुसऱ्या आठवड्यात गेला. हे कापड त्यानंतर छापलं. आता आंटीला विचारा, गिअरबॉक्स पहिल्यांदा कधी जळाला?"

"ईस्टरनंतर," नाना म्हणाले. "एप्रिलमध्ये."

"एप्रिलमध्ये मी जूनचं कापड कुठून आणू?"

गर्दीत कुजबुज झाली. दुफी हटली नाही.

"बोळा जुलैमध्ये घातला असशील! दुसऱ्या वेळी!"

तेव्हा याव बोलला. इतक्या लोकांसमोर तो बोललेला वस्तीनं पहिल्यांदाच ऐकला.

"जुलैमध्ये मी रेडिएटर उतरवलाच नाही, ताई. नळ्यांचीही ती टोकं सोडली नाहीत. रेडिएटर सुटा होता तो फक्त एप्रिलमध्ये. आणि एप्रिलमध्येही तो तापानं मेला, हे तूच सगळ्यांना सांगितलंस."

दुफीचा चेहरा काळवंडला. आपल्याच पुराव्यानं तिला धरलं होतं, आणि पुरावा पक्का होता, कारण तो तिचा होता.

"मग हा वर्षातून दोन कापडं छापतो!" ती ओरडली. "मयताच्या कापडाचा लाल पक्का असतो. धुतला तरी उतरत नाही. थांबा. पेट्रोल आणा! याच्यासमोर धुते, आणि याच्याच पांघरुणाशेजारी ठेवते!"

पेट्रोलची बाटली आली. तिनं ताटलीत ओतलं आणि बोळा दोन्ही हातांनी चोळला, जणू ओदुरोचं मानगूटच हातात आलंय. पेट्रोल लाल झालं. तिनं ते फेकलं, पुन्हा ओतलं, पुन्हा चोळलं. दुसऱ्यांदा गुलाबी झालं. तिसऱ्यांदा तिनं चिंधी वर उचलली तेव्हा पेट्रोल स्वच्छ होतं.

चिंधीही.

काळ्या शिड्या तशाच होत्या. कापड पांढरं होतं.

बोळा ताजं तेल प्यायला होता, आणि ताजं तेल लाल असतं. ते तिनं सोमवारी सगळ्यांना शिकवलं होतं, डाळिंबाच्या दाण्यासकट.

पूर्ण वय होऊन, नातवंडं पतवंडं पाहून जो जातो, त्याच्या मयतालाच पांढरं नेसतात. अशी माणसं थोडी. याव आणि दुफीची आई दोन वर्षांमागे शहाण्णवाव्या वर्षी गेली, तेव्हा निम्मी वस्ती पांढऱ्यावर काळ्या शिड्या नेसून नाचली होती. सगळ्यांनी ते कापड घडी करून पेटीत ठेवलं. नेसून नेसून विरल्यावर त्याच्या चिंध्या करणारी बाई एकच, आणि तिला तसं करायला आईनंच शिकवलं होतं, की काही वाया घालवू नये.

हाजी इसाका खाकरला.

"नाना, मी आंटीला तेव्हाच सांगितलं होतं. रेडिएटर माझ्याकडे आला तो कोरडा. गाडीवरून उतरवलेला रेडिएटर ठिबकत नाही, असं मी आयुष्यात पाहिलेलं नाही. कुणीतरी ते ठिबकणं बंद केलं होतं. आता या वस्तीत ठिबकणारं तेल कुणाला बघवत नाही?"

सगळ्यांनी दुफीच्या कमरेकडे पाहिलं. दुफीनंही पाहिलं.

"एका तोंडाचा बोळा मी काढला होता," याव खाली बघत म्हणाला. "त्याला शेपूट होतं. मला वाटलं, एवढाच असेल."

"चिंधी आखूड पडली असेल," दुफी म्हणाली. तिचा आवाज अजून भांडणाचाच होता, फक्त समोर माणूस उरला नव्हता. "आठवड्याला चाळीस ठिकाणी बोळे घालते मी! कुठला कुठला लक्षात ठेवू? तेल गळत होतं! मातीत चाललं होतं! गळू द्यायचं होतं का?"

"हो," मॅडम अचिआ म्हणाल्या.

नानांनी वही उघडली आणि पेनाचं टोपण काढलं. "आंटी, बुधवारी तू म्हणालीस ते मला इसाकानं सांगितलंय. शेपटाशिवाय बोळा घालणारा एक तर खुनी, नाही तर गाढव. मला काहीतरी लिहावं लागेल."

दुफीनं ओदुरोकडे पाहिलं. तो हसेल अशी तिची अपेक्षा होती, आणि हसला असता तर तिला बरं वाटलं असतं. तो हसला नाही. त्यानं भाच्याचं कापड खांद्यावर नीट ओढून घेतलं.

"गाढव," ती म्हणाली. "मोठ्या अक्षरात लिहा. म्हणजे याला लांबूनही वाचता येईल."

निकाल नेहमीप्रमाणे तयार होता. ओदुरोला श्नॅप्स दारूच्या दोन बाटल्या, एक मेंढा, एक किटली, आणि सगळ्यांसमोर माफी. दुफीला पाटी नव्हती, पण तिच्या पिंपावर पांढऱ्या रंगात 'दुफी. सगळं काळं आम्ही घेतो' असं लिहिलेलं होतं. ते पिंप वर्षभर तोंड भिंतीकडे करून उभं राहील. आणि वहीत चोविसावा धंदा लिहिला गेला: कुलर. यापुढे वस्तीत कुठलाही गिअरबॉक्स उघडला, की आधी कुलर उलट्या हवेनं फुंकायचा, पेट्रोलनं स्वच्छ धुवायचा आणि वीस मोजेपर्यंत डबा भरतो का ते बघायचं. हे काम वर्षभर दुफी करील, फुकट.

माफी मागताना ती ओरडलीच. ओदुरोनं ती ऐकून घेतली आणि म्हणाला, "इतक्या रागानं माफी मागितलेली मी पहिल्यांदाच ऐकतोय. खरी असेल."

संध्याकाळी याव आपली पाटी पुन्हा ठोकत होता, तोंड रस्त्याकडे. दुफीनं पिंप स्वतःच ढकललं, भिंतीकडे फिरवलं आणि त्याला एक लाथ घातली. मग ती भावाच्या शेडमध्ये येऊन बसली. बराच वेळ दोघं काही बोलले नाहीत. यावला ते जमायचंच; दुफीला पहिल्यांदा जमत होतं.

सोमवारचा बोळा तोटीतून कधीच गळून पडला होता. तेल टपटपत होतं. तिचा हात आपोआप कमरेला गेला आणि तिथेच थांबला.

"याव," ती करवादली, "तुझी तोटी गळतेय."

"गळू दे, ताई," याव म्हणाला, आणि त्यानं शेवटचा खिळा मारला.